अमेरिकन गाडीच्या खोडी

कळमनुरीत कुणी जुनी गाडी घ्यायचं म्हटलं की गावातल्या प्रत्येकाला एकाएकी गाड्यांमधलं कळायला लागतं. ज्यांच्या दारात कधी सायकल उभी राहिली नाही त्यांनीही मला मायलेज शिकवलं. त्यात गाडी अमेरिकन कंपनीची, मग तर विचारूच नका. "ती कंपनी गेली की वो देश सोडून!" हे वाक्य मी त्या महिन्यात इतक्यांदा ऐकलं की वर्गात हजेरी घेतानाही ते माझ्या कानात वाजायचं.

सगळ्यांत पुढे माझे धाकटे दीर. ते कुरुंद्याला राहतात, हळदीचा व्यापार करतात, आणि त्यांनी नुकतीच कोरी गाडी घेतली होती. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलं नव्हतं. "वहिनी, वाटंत बंद पडली तर पार्ट कुठून आणताल? अमेरिकेला जाताल का?" असं म्हणून स्वतःच हसायचे. त्यांचा हेतू चांगला होता, म्हणून तर जास्त राग यायचा.

मला गाडी हौसेसाठी नको होती. आदल्या उन्हाळ्यात, हळद शिजवण्याच्या दिवसांत, माझे यजमान शेतात छातीवर हात ठेवून खाली बसले. घरापुढे जीप येऊन उभी राहायलाच पाऊण तास गेला. हिंगोली जवळ, पण हे काम नांदेडलाच होणार होतं. तिथं रक्तवाहिनी मोकळी केली आणि माणूस घरी आला. निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "पुन्हा दुखलं तर गाडी शोधत बसू नका बाई. जिभेखाली गोळी द्या आणि निघा. जो वेळ घरी घालवाल तो ह्यांच्या हृदयातून जाईल." नांदेड आमच्यापासून सव्वा-दीड तासावर. त्याच दिवशी मी ठरवलं, गाडी आपल्या अंगणात हवी आणि ती मला चालवता यायला हवी. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले. शाळेच्या मैदानावर मी पहिल्यांदा क्लच सोडला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते मी त्यांना विचारलं नाही.

नवी गाडी ऐपतीत बसत नव्हती. जुन्यांमध्ये चांगली आणि परवडणारी एकच निघत होती, ती ह्या पळून गेलेल्या कंपनीची. धान्याच्या मोंढ्याजवळ ज्यांचं गॅरेज आहे ते मिस्त्री आमच्या जुन्या ओळखीचे. यजमानांचा पंप, इंजिन, सगळं त्यांच्याच हातचं. ते म्हणाले, "म्याडम, कंपनी गयी, गाडी काँ गयी? लोगां बोलते करके भाव गिऱ्या. गाडी में कुछ नै हुआ." बंजाऱ्यांच्या एका तांड्यावर अशी गाडी विकायची आहे, दिवाळीनंतर बघायला जाऊ, असंही त्यांनी सांगितलं.

दिवाळीची सुट्टी लागली होती. जिच्या भरवशावर नवऱ्याचा जीव ठेवायचा ती कोणाच्या हातची हे तरी कळावं, म्हणून मी मोबाइलवर त्या कंपनीचा इतिहास वाचायला बसले. वेळ घालवायला बसले होते, आणि अक्षरशः थक्क होऊन उठले. ती कंपनी काढणारा माणूस शेतकऱ्याचा मुलगा. शेतातल्या कामाचा त्याला कंटाळा, यंत्र दिसलं की मात्र तहानभूक विसरायचा. पहिली गाडी त्यानं घरामागच्या शेडमध्ये बनवली. गाडी तयार झाली आणि मग लक्षात आलं की ती शेडच्या दारातून बाहेरच निघत नाही. त्यानं कुऱ्हाड घेतली आणि भिंत फोडली.

हे मी मोठ्यानं वाचलं तेव्हा यजमान बाजेवर उठून बसले. "म्हंजे इंजिन केलं, चाकं केली, आन् दाराचं मापच घेतलं न्हाई?" त्यांना त्या माणसाबद्दल तिथून पुढे एकदम आपुलकी वाटायला लागली. रोज दुपारी चहा झाला की म्हणायचे, "वाच बरं, तुझ्या अमेरिकावाल्यानं पुढं काय केलं."

आणि त्यानं काय काय केलं होतं! आधीचे धंदे बुडाले तरी पुन्हा उभा राहिला. मग सामान्य माणसाला परवडेल अशी एकच गाडी काढली आणि वर्षानुवर्षं तीच बनवत राहिला. कित्येक वर्षं रंगही एकच, काळा. पेट्रोल किती उरलं हे दाखवणारा काटाच तिच्यात नव्हता. लोक टाकीत काठी बुडवून बघायचे. टाकी सीटखाली, पेट्रोल उतारानं इंजिनात उतरायचं, म्हणून चढ फार उभा असला की गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढवायची. आणि तिकडचे शेतकरी! ते मागचं चाक जॅकवर उचलायचे, त्याला पट्टा लावायचे आणि त्याच गाडीवर लाकडं कापायचे, पाणी उपसायचे, मळणी करायचे. रविवारी सकाळी तीच गाडी धुऊन देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये.

यजमानांनी तेवढं मला पुन्हा वाचायला लावलं. आमच्याकडे ट्रॅक्टरला पट्टा लावून हळद पॉलिश करायचा ड्रम फिरवतात, ते त्यांनी हजारदा केलेलं. समुद्रापलीकडच्या, आपण कधी पाहिला नाही अशा शेतकऱ्याच्या डोक्यात तेच यावं ह्याचं त्यांना नवल वाटत होतं. मलाही वाटत होतं. एवढ्याशा मोबाइलमध्ये मला पृथ्वी खरोखर गोल असल्यासारखी दिसली, आणि मी भूगोल शिकवते!

मग मालकांची मतं वाचली. कुणी म्हणे सस्पेन्शन दगडासारखं मजबूत, कुणी म्हणे सर्व्हिसला लुटतात, कुणी म्हणे ही गाडी विकताना मी रडलो. कंपनीनं आपल्याकडचे कारखाने बंद केले तेव्हा तर लोकांनी घरातलं माणूस सोडून गेल्यासारखं लिहिलं होतं. एकाच गाडीबद्दल इतकं प्रेम आणि इतका संताप. वाचून माझा निर्णय पुढे सरकण्याऐवजी मागेच गेला.

दिवाळीनंतरच्या रविवारी मी, यजमान आणि मिस्त्री तांड्यावर गेलो. गाडीचे मालक सत्तरीच्या आतबाहेरचे, अंगात पांढरा सदरा, डोक्याला लाल पटका. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखात फिरायचे. ते स्वतः तरुणपणी ट्रकवर होते. गाडी मुलानं पुण्याला नोकरीत असताना घेतलेली आणि नंतर बापाकडे आणून सोडलेली. लिंबाखाली उभी होती, धुतलेली.

मिस्त्री बॉनेट उघडायला पुढे झाले तर म्हातारबांनी हात आडवा केला. "आधी खोडी ऐका. मंग बघा."

जनावराच्या बाजारात विकणाऱ्यानं जनावराची खोड सांगायची असते. मारकं आहे का, दावं तोडतं का, पाण्यात बसतं का. हे मला माहीत होतं, पण गाडीच्या खोडी सांगणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. शहरातले लोक गाडी विकताना खोडीवर पॉलिश मारतात. मी म्हणाले, "काका, मिस्त्री बघतील ना."

"मिस्तरीला दिसंल ते दिसंल, बाई. मला ठावं हाये ते मी सांगंल. आमच्या आज्याच्या येळंला एक बैल खोड लपवून तांड्यात आला आन् वाटंत बसला, तर सारा तांडा बसायचा. शंभर बैल, लेकरंबाळं, समदे एकासाठी उन्हात. म्हून सांगावं लागतं."

मग ते गाडीभोवती फिरत सांगू लागले, एकेका ठिकाणी थाप मारत. डावीकडच्या मागच्या दाराची काच अर्ध्यावर अडकते. जोराचा पाऊस झाला की हॉर्न आपोआप वाजतो, एकदा पंगतीत वाजला आणि नवरदेव दचकला. सकाळी दुसरा गिअर मानत नाही, त्याला दोनदा विचारावं लागतं. एसी चालतो पण त्याला मोज्यांचा वास येतो. डावीकडे पूर्ण वळवली की पुढच्या चाकात कटकट होते. मिस्त्री आधी हसत होते, मग हसायचे थांबले. नंतर तपासून त्यांनी माझ्या कानात सांगितलं की बुढ्ढ्यानं सांगितलं त्यापेक्षा एकही गोष्ट जास्तीची निघाली नाही. मोबाइलवर मी शेकडो मालकांची मतं वाचली होती, पण असं मत एकाचंही नव्हतं.

आम्ही घ्यायला तयार झालो. तेवढ्यात म्हातारबा म्हणाले, "अजून एक ऱ्हायली."

ते मागच्या दाराजवळ उभे होते. आमच्याकडे बघत नव्हते.

"मागच्या सीटवर माही बायको गेली. दोन सालं झाली, पोळ्याच्या दुसऱ्या दिशी. छातीत कळ आली तिच्या. गाडी दारातच व्हती. पर समदे म्हणून राहिले, कंपनी पळाली, गाडी वाटंत दगा देईल. मलाबी भेव वाटलं. म्या पाव्हण्याची जीप बोलावली. तासभर वाट पाहिली, जीप आलीच न्हाई. मंग हिच्यातच निजवलं तिला." त्यांनी दारावर हात ठेवला. "नांदेडपत्तोर एकदा सुदिक अडखळली न्हाई, बाई. दवाखान्याच्या दारात नेऊन उभी केली. तिथंच, दारातच ती गेली. डाक्टर म्हणले, जरा आधी आणायचं व्हतं. गाडी बराबर पोचली. उशिरा निघालो ते आमी."

छातीचं दुखणं असलेला माझा नवरा माझ्या शेजारी उभा, आणि हा माणूस आपल्या तोंडानं हे सांगतोय. आमच्याकडे अशी गाडी कुणी फुकटही घेत नाही. सांगितलं नसतं तर आम्हाला जन्मात कळलं नसतं, आणि त्यांना गाडी विकायची होती. इतका खरा माणूस मी शाळेतल्या पुस्तकांतच पाहिला होता, आणि त्या धड्यांवर मुलांचा विश्वास बसत नाही ते मला ठाऊक आहे. पण खरं सांगते, मला आदर वाटला त्याच्या आधी भीती वाटली. मला वाटलं, चला इथून.

मिस्त्री खाली बघत होते. यजमान पलीकडच्या बाजूला गेले, मागचं दार उघडलं आणि आत जाऊन त्या सीटवर बसले. पाय नीट ठेवले, डोकं मागे टेकवलं. मग मला म्हणाले, "चांगली हाये. घेऊ."

दिरांना गाडी घेतल्याचं सांगितलं, शेवटच्या खोडीचं नाही. तेवढ्यानंही ते पंधरा दिवस रुसले होते.

गाडीनं मला छळलं, नाही असं नाही. दुसऱ्या गिअरला मी दोनदाच काय, पाचपाचदा विचारायचे. पण ती रोज सकाळी पहिल्या किल्लीला सुरू व्हायची, आणि दर वेळी मला त्या शेडची भिंत फोडणाऱ्या माणसाचं आश्चर्य वाटायचं. कोण कुठला, कधीचा मेलेला, आणि त्याच्या हट्टातून निघालेलं काहीतरी कळमनुरीच्या अंगणात घरघरतंय.

मार्चमध्ये, एका रविवारी सकाळी अकराच्या सुमारास, यजमान दाढी करता करता आरशासमोर थांबले. चेहऱ्याला अर्धा साबण. मला वळून म्हणाले, "आलं बग ते." मी गोळी दिली. त्यांनी फोन उचलला. "थांब, भावाला बोलावतो. त्याची गाडी नवी हाये, तो चालवतोबी चांगली."

आणि मी थांबले. हे लिहायला लाज वाटते, पण थांबले. हिंगोलीपर्यंतसुद्धा मी कधी एकटी गेले नव्हते, नांदेड तर दूरच. बंद पडली तर? भर रस्त्यात, ह्यांना घेऊन? नवी गाडी कुरुंद्याहून येईल, जरा वेळ लागेल, पण भरवशाची. इतकं सगळं माझ्या मनात आलं, आणि ते सगळं शहाणपणाचं वाटत होतं. मग मला एकदम कळलं की त्या म्हाताऱ्यालाही त्या दिवशी हे असंच शहाणपणाचं वाटलं असणार.

मी ह्यांच्या तोंडावरचा साबण टॉवेलनं पुसला आणि त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं. तोवर त्यांनी भावाला ये म्हणून सांगितलंही होतं, फोन हातात तसाच होता.

दिरांचा फोन आला तेव्हा ह्यांनी स्पीकर लावला. "वहिनी, घाबरू नका, थांबा. मी निघालो, कळमनुरीला पोचतोच."

"आम्ही बाळापूर सोडलंय भावजी," मी म्हणाले. "तुम्ही तिकडूनच नांदेडला या."

गाडी वाटेत काय करत होती ते मला आठवत नाही. काही केलंच नाही तिनं, चालत राहिली. दवाखान्याच्या दारात मी इंजिन बंद केलं तेव्हा माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात, ते एका वॉर्डबॉयनं सोडवले. डॉक्टर संध्याकाळी बाहेर आले आणि म्हणाले, वेळेत आणलंत.

महिन्यानं ह्यांना पुढच्या सीटवर बसवून मी तांड्यावर गेले. म्हातारबा लिंबाखालीच होते. मी गाडीतूनच घडलं ते सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, गाडी कशी चालली ते विचारतील, ट्रक चालवलेला माणूस. त्यांनी ते विचारलंच नाही.

"कळ आल्यावर किती येळानं निघालात?"

"लगेच. दहा मिनिटंसुद्धा झाली नसतील, काका."

ते ह्यांच्याकडे बघत राहिले, जिवंत बसलेल्या माणसाकडे, खूप वेळ. मग पटक्याचं टोक डोळ्यांना लावलं आणि खाली बसले.

"म्हंजे पोचता येत व्हतं," ते म्हणाले.

मी गाडीतून उतरले आणि त्यांच्याजवळ मातीत बसले.