विमान नको म्हणून गुरांच्या जहाजावर

जर्मनीतल्या आमच्या वोल्फ्सबुर्गच्या मराठी मंडळात कुणी जेवायला बोलावलं की विषय फिरून फिरून मंदारवरच येतो. किस्से इतके साचलेत की नव्यांना वाटतं, आम्ही थापा मारतोय. नाही हो, सगळं खरं आहे!

*

मंदार गाड्यांच्या एक्झॉस्टचा, म्हणजे मागून धूर सोडणाऱ्या नळीचा, इंजिनियर. कंपनीने त्याला कामासाठी ब्राझीलला पाठवलं. जाताना विमान असं हादरलं की याने शेजारच्या अनोळखी जर्मन आजींचा हात जो धरला, तो उतरेपर्यंत! शेवटी आजीच म्हणाल्या, "आल्झो, तर मग आता माझा हात परत मिळेल का?"

*

"मेलो तरी परत विमानात बसणार नाही," त्याने तिथूनच कळवलं. आणि पठ्ठ्या खरंच बसला नाही! अटलांटिक ओलांडून तुर्कस्तानला गुरं नेणाऱ्या जहाजावर त्याने काम धरलं. पगार नाही, प्रवास फुकट. तिथून पुढे बसने जर्मनी!

शेफला, म्हणजे जर्मनमध्ये साहेबाला, फोन करून त्याने उरलाउब वाढवून मागितला, म्हणजे रजा. शेफ म्हणाला, "महिनाअखेर डेस्कवर दिसला नाहीस, तर कायमची गुरंच राख!"

*

सांगलीला आईला व्हिडिओ कॉल लावला, तर मागे शेकडो गाई. ऐकताना आम्हाला वाटलं, आता रडारड. माउलीने हात जोडले! "बरं झालं बाबा, चांगल्या संगतीत आहेस."

*

पहिल्याच दिवशी फोरमनने हातात फावडं दिलं. "अहो, मी एक्झॉस्टचा इंजिनियर आहे," मंदार म्हणाला.

"उत्तम! मग शेपटीकडून सुरू कर."

*

हे सगळं तो हसत सांगतो. पुढचं मात्र एकदाच सांगितलं, आमच्या घरी, जेवता जेवता.

पहिला घास गाईला, ही त्याची घरची सवय. जहाजावर रोज पावाचा पहिला तुकडा तो एका पांढऱ्या, वशिंडवाल्या गाईला भरवायचा. ती त्याला ओळखायला लागली.

तुर्कस्तानात जहाज लागलं. खाली कत्तलखान्याचे ट्रक उभे. गुरं उतरायच्या फळीवर पाऊल टाकेनात! काठ्या झाल्या, ओरडा झाला. पांढरी गाय सगळ्यांच्या पुढे, पाय रोवून. फोरमन मंदारला म्हणाला, "ही उतरल्याशिवाय तूही उतरायचं नाही."

महिना संपत आला होता. मंदारने खिशातून पाव काढला आणि पुढे चालायला लागला. गाय त्याच्या मागे आली. तिच्या मागे सगळी.

आमचे हात ताटातच थांबले. माझ्या बायकोने, अनघाने, विचारलं, "मग रे?"

"मग काय! फोरमनने मिठीच मारली. म्हणाला, इतक्या शांतपणे गुरं कधीच उतरली नव्हती. पुढच्या खेपेलाही ये!"