लुगडं मांडीवर, गाडी चार्जिंगच्या रांगेत

मंडळी, मन थाऱ्यावर नाही, तरी लिहितो.

पहाटे कोल्हापूरहून भाच्याचा फोन आला, माझी थोरली बहीण, आमची आक्का, गेली. आमच्यात भावानं आणलेलं लुगडं अंगावर घातल्याशिवाय बाईला घरातून उचलत नाहीत. बायकोनं कपाटातलं कोरं लुगडं काढून दिलं आणि मी नि माझा लेक पुण्याजवळच्या रावेतहून त्याच्या इलेक्ट्रिक गाडीनं निघालो.

थंडी मरणाची, त्यामुळं हीटर चालू. वर माझा धोशा, "दाब की जरा." लेक म्हणाला, "आबा, जेवढी पळवीन तेवढी बॅटरी लवकर उतरते, त्यात ही थंडी." मला ते पटेना. गाडी पळवली की माणूस लवकर पोचतो, एवढंच आजवर ठाऊक होतं.

कराडच्या अलीकडंच बॅटरी तळाला गेली. चार्जिंगला आमच्या पुढं दोन गाड्या. मी हात जोडले, तसे दोघंही बिचारे बाजूला झाले. पण या गाडीला घोटभर पाजून लगेच पळवता येत नाही हो.

भाचा फोनवर म्हणाला, "मामा, सगळी माणसं खोळंबलीत. अजून किती थांबू?"

मांडीवरचं लुगडं घट्ट धरून मीच म्हणालो, "न्या बाबा तिला."

आक्का माझ्या लुगड्याविना घरातून निघाली. मला ते स्मशानात नुसतं वरून पांघरवता आलं.

एवढं चालतं का हो? कुणी जाणतं असेल तर सांगा. समजूत नका घालू, खरं ते सांगा.