उस्तादांची बकरी

आज ट्रंक उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी ते हिरवं लुगडं मला गोंदियातल्या आमच्या प्रशिक्षण वर्गात घेऊन गेलं.

आम्ही पोलिसात नुकत्याच भरती झालेल्या पोरी. झुपकेदार मिशांचे आमचे उस्ताद हेच लुगडं गणवेशावर गुंडाळून, डोक्यावर पदर घेऊन आत आले आणि माझ्यासमोर बसून रडू लागले, "माही बकरी हरपली वं माय!" वर्ग हसून हसून लोटपोट. मी मात्र तक्रार लिहून घ्यायला ऐटीत पेन सरसावलं. "नाव? वय? बकरीचा रंग?"

उस्ताद ताडकन उठले. "मी इथं रडून राहिली, अन् तू कायले कागदात पाहून राहिली?"

माझे कान तापले. पेन खाली ठेवलं, पाण्याचा गिलास पुढे केला आणि विचारलं, "माय, जेवली का?"

पदराआडून मिशा हसल्या. "आता लिही."

कायद्याची कलमं मला आजही पुस्तकात पाहावी लागतात. तो गिलास मात्र विसरले नाही.

निवृत्त होताना उस्तादांनी लुगडं माझ्या हाती दिलं. आता शिकवते मी. बकरी अजून सापडलेली नाही. दर नव्या तुकडीसमोर मी ती पुन्हा हरवते.