भिंतीवरचं वाक्य

"लिहिल्याशिवाय कुणी जात नाही," टोम्मा म्हणायची. वीटभट्टीच्या कचेरीत एकोणतीस वर्षं ती हेच म्हणत आली. कुणी रागानं टोपी आपटून "चाललो मी!" असं ओरडलं, की ती मान वर न करता कोरा कागद पुढं सरकवायची. तोंडी राजीनामा आमच्याकडे धरत नाहीत. कागदावर लिहायचं, सही करायची, चार आठवडे काम करायचं, मग जायचं. जाणाऱ्यानं मागितला की मालकानं दाखला द्यायचा, माणूस कामाला कसा होता त्याचा. तो देणं मालकाला चुकत नाही. न्यायला मात्र कामगारानं यायचं.

मी भट्टीवर विटा भाजणारा. या सपाट मुलखात, कालव्याकाठी जन्म गेला. ओक्को पोप्पिंगासारखा मातीचा हात मी दुसरा पाहिला नाही. वीट वाळली की नाही, हे तो गालाला लावून सांगायचा.

बारा वर्षांपूर्वी, ऐन हंगामात त्यानं राजीनामा लिहिला. पलीकडच्या गावात बरी जागा होती. मुदतीचे चार आठवडे त्यानं एक दिवसही न बुडवता भरले. म्हातारा मालक तरी धुमसत राहिला. दाखल्यात वाईट लिहायची कायद्यानं सोय नाही, म्हणून मालकांनी गोड शब्दांचीच एक भाषा करून ठेवली आहे. म्हाताऱ्यानं सांगितलं आणि टोम्मानं टंकलं: 'नेमून दिलेलं काम पार पाडण्यासाठी ओक्को झटत राहिला.'

झटत राहिला, म्हणजे जमलं नाही. हे म्हाताऱ्याला ठाऊक होतं, टोम्माला ठाऊक होतं, पुढं ज्या ज्या मालकानं तो कागद वाचला त्यालाही ठाऊक होतं. एकट्या ओक्कोला नव्हतं. तो कागद नाचवत भट्टीवर आला.

"वाच रे! म्हातारा चिडलाय म्हणत होतास ना? बघ काय लिहिलंय!"

मी वाचलं. मला ती भाषा कळत होती.

"छान आहे," मी म्हणालो.

दाखला वाचला गेला आणि ती बरी जागा हातची गेली. मग दुसरी गेली, तिसरी गेली. लोक कागद वाचायचे, नीट घडी घालून परत द्यायचे, दारापर्यंत सोडायला यायचे. दोन वर्षांनी, नोव्हेंबरातल्या एका सकाळी ओक्को कालव्यात सापडला. वाट निसरडी होती म्हणतात.

त्याच्या बायकोनं, हिल्केनं, दाखला चौकटीत घालून भिंतीवर लावला. टोम्मा दर नव्या वर्षाला तिच्याकडे चहाला जायची. "हे तुझ्याच हातचं ना? किती सुबक!" हिल्के म्हणायची. तीन कप घेतल्याशिवाय आमच्याकडे कुणी उठत नाही. टोम्मा पहिल्याच कपात चमचा उभा करून ठेवायची, म्हणजे पुरे.

हळूहळू ती कचेरीत काम करता करता थांबायला लागली. "दाराशी कोण आहे बघ." कुणी नसायचं. "ओल्या मातीचा वास येतोय." वीटभट्टीवर दुसरा कसला वास येणार, असं म्हणून मी हसायचो. पुढं हसणं सोडलं.

यंदा तिनं स्वतःचा राजीनामा टंकला आणि चार्कपुढं ठेवला. चार्क म्हणजे म्हाताऱ्याचा मुलगा, आताचा मालक. मी तिथंच चहा घेत होतो.

"टोम्मामावशी, तुमचा दाखला असा लिहितो की वाचणाऱ्याला हेवा वाटेल."

"माझं राहू दे. आधी ओक्कोचा दुरुस्त कर." तिनं जुनी प्रत काढली.

"मावशी, माणूस गेला, मुदतही गेली. आता कुठलं कोर्ट मला भाग पाडणार?"

"कोर्टाचं नाव मी काढलं का? मी सांगतेय तुला."

त्यानं वाचलं. "आणि वाईट काय आहे यात? झटत राहिला. चांगलंच आहे की."

"बरं. मग हेच वाक्य माझ्या दाखल्यात घाल."

चार्कच्या हातातली किटली वाटेतच थांबली. ती भाषा त्याच्या बापानं त्यालाही शिकवली होती.

"तुमच्याबद्दल असं कसं लिहू मी?"

"का? चांगलंच आहे की."

मुदतीचे चारही आठवडे तो कामापुरतंच बोलला. टोम्माच्या शेवटच्या दिवशी मात्र दोन कागद घेऊन आला. ओक्कोच्या कागदावर होतं: 'ओक्कोनं सदैव आमचं संपूर्ण समाधान होईल असं काम केलं.' त्या भाषेत याहून वरचं वाक्य नाही.

"तारीख बारा वर्षांपूर्वीची कशी घालू? तेव्हा मी शाळेत होतो!"

"दुरुस्त दाखल्यावर जुनीच तारीख असते, राजा. सही कर."

त्यानं सही केली. टोम्मानं ओक्कोचा कागद घेतला आणि स्वतःचा तसाच टेबलावर ठेवला.

"आणि तुमचा?"

"तयार ठेवणं तुझं काम. ते झालं. न्यायचं तेव्हा येईन."

"हिल्केला काय सांगणार?" मी विचारलं.

"तिच्या भिंतीवर काय लटकलंय ते. आणि ते कुणी टंकलं ते."

"आणि कळत असून 'छान आहे' कोण म्हणालं?"

"ते तुझं तू सांग."

ती कालव्याच्या वाटेनं निघाली. धुकं उतरलं होतं. मी आणि चार्क दारात उभे होतो. वाट दोन माणसांपुरती रुंद. ती शेताच्या कडेनं चालली होती, पाण्याकडची बाजू मोकळी सोडून. मध्येच तिनं मान त्या बाजूला वळवली.

"मावशी कुणाशी बोलतायत?" चार्कनं हळूच विचारलं.

मी टोपी काढली.