धाकट्याला शत्रू हवा होता

आमचा धाकटा दात बनवतो. दाताचा डॉक्टर नव्हे. डॉक्टर लोक माणसांच्या तोंडाचे प्लास्टरचे साचे त्याच्याकडे पाठवतात आणि तो त्यावरून कवळ्या घडवून परत पाठवतो. सदतीस वर्षांत हजारो तोंडं त्याच्या हाताखालून गेली आणि मला सोडलं तर त्यातल्या एकाही माणसाशी तो बोललेला नाही. साचा उलट बोलत नाही. धाकट्याला माणसांची जी काही समज आहे ती एवढ्यावर उभी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

लग्न जमलं नाही. मुलगी बघायला गेला की हा तिचे दात बघायचा. एकीच्या वडिलांना चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "उजवीकडच्या दाढेला कीड आहे, पण बाकी ओळ सरळ आहे." त्यानंतर आम्ही त्याला कुठे न्यायचं बंद केलं. आता तो एकसष्टचा आहे, मी त्याची बहीण, अडुसष्टची. माझी खालची कवळी त्यानेच केली आहे आणि ती अशी बसते की त्याच्याबद्दल मी जे काही बोलते ते शेवटच्या अक्षरापर्यंत स्पष्ट ऐकू येतं.

कामाच्या खोलीला लागून दुसरी खोली आहे आणि त्या खोलीत समुद्र आहे. जेवणाच्या टेबलावर निळं रेक्झिन पसरलेलं, त्यावर करंगळीएवढी साठ जहाजं. लोखंडी बांध्याची, तीन-तीन चार-चार धुराड्यांची, कुशीला चाकं असलेली, दोन तर चक्क फुग्याला टांगलेली. खेळाची कल्पना अशी, की जगात पेट्रोल आलंच नाही, वाफेचंच सगळं वाढत गेलं, आणि राजेलोक अजून बॉयलरच्या जोरावर एकमेकांची आरमारं बुडवताहेत. नियमांचं शहाण्णव पानी पुस्तक त्याने बाहेरून मागवलं आणि दोन वह्यांत आपल्या भाषेत उतरवून काढलं. जहाजं मात्र त्याच्या हातची. बांधा कवळीच्या गुलाबी मसाल्याचा, चाकं बंद पडलेल्या मनगटी घड्याळांची. रंगाचा टवका उडाला की आतून हिरडी दिसते.

सगळ्यात मोठ्या जहाजाचं नाव 'थोरली'. घडवायला अकरा महिने लागले. ती बुडाली की धाकटा हरला. धूर भरपूर, वेग कमी, वळायचं म्हटलं तर अर्धा समुद्र लागतो.

"नाव कुणावरून ठेवलंस?" मी विचारलं.

"आकारावरून," तो म्हणाला आणि ब्रश धुवायला निघून गेला.

आता युद्ध म्हटलं की दोन बाजू आल्या. दुसरी बाजू अकरा वर्षं एकच माणूस सांभाळत होता, बस चालवून निवृत्त झालेले ड्रायव्हरसाहेब. रविवारी चारच्या ठोक्याला हजर, सातला घरी. ते या महिन्याअखेरीला लेकीकडे दुसऱ्या गावी कायमचे राहायला निघाले. म्हणजे हातात चार रविवार, आणि मग धाकटा, साठ जहाजं आणि समोर रिकामी खुर्ची. शिसपेन्सिलीला चारदा टोक काढताना मी त्याला पाहिलं, आणि पेन्सिल तो वापरत नाही. त्याने वाचनालयाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली: 'वाफेच्या जहाजांचा युद्धखेळ. नवशिक्यांचं स्वागत. रविवारी चार वाजता. बॉयलर सांभाळण्याचा अनुभव आवश्यक नाही.'

पहिल्या रविवारी बँकेतला एक कारकून आला. फोन आला म्हणून जिन्यात गेला तो गेलाच. छत्रीसुद्धा न्यायला आला नाही.

दुसऱ्या रविवारी मी तिथे होते, कवळी जरा टोचत होती ती घासून घ्यायला. तिशीतलं एक जोडपं आलं होतं. धाकट्याने त्यांना बसवलं, वही उघडली आणि पान एकपासून वाचायला लागला. पाऊण तासाने आम्ही कोळशापाशी पोचलो. कोळसा सोपा आहे. दर फेरीला आपल्या जहाजात एक ते सहा फावडी टाकायचा, तेवढी पुठ्ठ्याच्या तबकडीवरची दाबाची सुई पुढे सरकते, आणि सुई जितकी पुढे तितकं जहाज पळतं. नऊवर लाल रेषा. ती ओलांडली की फासा टाकायचा. रेषेच्या पुढे जितकी घरं गेलात तितका किंवा त्याहून कमी आकडा पडला, तर बॉयलर फुटतो आणि काडेपेटीतल्या काडीएवढ्या अंतरात जे असेल ते सगळं बुडतं, आपलं काय नि परक्याचं काय. संपला कोळसा. धाकट्याला एवढ्याला वीस मिनिटं लागली.

"मी सहा टाकते," ती मुलगी म्हणाली. तिची सुई आधीच पाचवर होती.

"सहा नको, तीन टाका."

"पण मला जोरात जायचंय."

"फुटेल. तीन."

तिने तीन टाकले. नवऱ्याने जहाज डावीकडे वळवायला घेतलं.

"उजवीकडे घ्या," धाकटा म्हणाला. "डावीकडे माझ्या तोफा आहेत."

"मग मारा ना तुम्ही."

"मारणारच. म्हणून तर सांगतोय, उजवीकडे घ्या."

सव्वासहाला त्या दोघांना आठवलं की गॅस बंद केला की नाही ते आठवत नाहीये. गेले. धाकटा दारापर्यंत पोचवून आला आणि मला म्हणाला, "दोघांचेही दात चांगले होते."

"गाढवा," मी म्हटलं, "त्यांच्या सगळ्या चाली तूच खेळलास. ते कशाला आले होते, तुझं रेक्झिन बघायला?"

"चुकत होते ते."

"चुकू देत की."

"समोर चुकतंय आणि गप्प बसायचं?" त्याने हे अशा चेहऱ्याने विचारलं की जणू मी त्याला कुणाचा तरी खिसा कापायला सांगत होते. त्याचंही बरोबर होतं म्हणा. कवळीत केसभर चुकलं तर माणूस महिनाभर जेवत नाही. चूक दिसली की तिथल्या तिथे घासून टाकायची, हेच त्याने जन्मभर केलं.

मी कोपऱ्यात चहा घेत बसलेल्या ड्रायव्हरसाहेबांकडे वळले. "तुम्ही कसे टिकलात हो अकरा वर्षं?"

"त्यात काय ताई," ते बिस्किट बुडवत म्हणाले. "जन्मभर कंडक्टरच्या घंटीवर गाडी चालवली. एक दिली की थांबायचं, दोन दिल्या की निघायचं. इथंही हे सांगतात तीन टाका, मी तीन टाकतो."

म्हणजे धाकटा अकरा वर्षं स्वतःशीच लढत होता, आणि बहुतेक वेळा जिंकत होता. हे त्याला तेव्हाच कळलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेले. पावणेचारला त्याच्या कामाच्या टेबलावरून मेणाचा ठोकळा उचलला. कवळीचं माप घेताना माणसाला चावून धरायला देतात, तो. त्याच्या हातात ठेवला.

"हे काय?"

"खेळ सुरू झाला की दातांत धरायचा. बाहेर काढलास तर मी उठून घरी जाईन आणि आयुष्यात परत तुझी कवळी घालणार नाही."

"मग जेवशील कशी?"

"ते माझं मी बघेन."

चारला दार वाजलं. पन्नाशीची बाई, खांद्याला कापडी पिशवी, मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना डाग. आत येऊन आधी समुद्र बघितला, मग आम्हाला.

"चिठ्ठीत लिहिलंय बॉयलरचा अनुभव नसला तरी चालेल," ती म्हणाली. "मला आहे. चालेल का?"

मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत ती बावीस वर्षं बॉयलर सांभाळत होती. चादरी उकळायची वाफ, सकाळी सहा ते दुपारी दोन. धाकट्याचा हात वहीकडे गेला. मी वही उचलली आणि तिच्यावर बसले. नियम मीच सांगितले, चहा ओतता ओतता, आठ मिनिटांत. दोन चुकीचे सांगितले असतील. धाकट्याच्या तोंडून मेणामागून कण्हल्यासारखा आवाज आला, त्यावरून दोनच असावेत.

"यांना काय झालंय?" बाईंनी विचारलं.

"दातांचं आहे काहीतरी," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

खेळ सुरू झाला. बाईंनी पहिल्याच फेरीला दोन जहाजं तोफांसमोर आडवी नेली. धाकट्याने डोळे मिटून घेतले. मग उघडले आणि दोन्ही बुडवली, दुसरं काय करणार. बाई म्हणाल्या, "अच्छा, असं आहे तर," आणि बुडालेली जहाजं स्वतःच्या हाताने नीट बाजूला लावून ठेवली. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. उलट खुर्ची पुढे ओढली.

मग त्यांनी एक बारकं जहाज घेतलं, 'तिरसट' नावाचं, आणि ते सगळी लढाई सोडून थेट 'थोरली'च्या अंगाला नेऊन चिकटवलं. त्याच्या तोफा 'थोरली'ला ओरखडासुद्धा काढू शकत नाहीत, हे मलाही कळत होतं. तबकडीवर 'तिरसट'ची सुई आठवर होती.

"सहा फावडी," बाई म्हणाल्या.

धाकट्याची मान जोरजोरात हलायला लागली. गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या. ड्रायव्हरसाहेबांनी बिस्किट खाली ठेवलं. सहा म्हणजे सुई चौदावर, लाल रेषेच्या पाच घरं पुढे. फासा टाकला आणि सहा पडला तरच वाचणार.

"बाई, फुटेल हो," ड्रायव्हरसाहेबांना राहवलं नाही.

"माहितीये. काडीच्या आत असेल ते सगळं बुडतं म्हणालात ना?" बाईंनी काडेपेटीतली काडी उचलली आणि 'तिरसट'पासून मोजली. 'थोरली' काडीच्या आत. शेजारची दोनही आत. "बावीस वर्षं सुई रेषेच्या अलीकडे धरून बसलेय. एकदा पलीकडे काय होतं ते तर बघू."

फासा टाकला. तीन.

अकरा वर्षांत असं कुणी केलं नव्हतं, कारण अकरा वर्षांत कुणाला करू दिलं नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं मला, आकारावरून का होईना, नाव माझं होतं. पण मला हसू आवरेना. धाकट्याने 'थोरली' उचलली, जवळची दोन उचलली, आणि मग तोंडातून मेण काढलं. त्याचे दोन तुकडे झाले होते.

आम्ही सगळे वाट बघत होतो. बाई पिशवी जवळ ओढून बसल्या होत्या, जणू आता घालवून देतील.

"नियमात बसतं," धाकटा म्हणाला. "तुम्ही जिंकलात."

"नियमात बसत असेल," बाई म्हणाल्या, "पण नियमच चुकलाय."

"काय?"

"असा बॉयलर फुटत नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह कुठाय? रेषा ओलांडली की आधी तो उडतो, शिट्टी होते, वाफ निघून जाते. फुटायचा असेल तर आधी कुणीतरी तो बांधून ठेवावा लागतो. तुमच्या जहाजांवर काय सगळे झोपलेले असतात?"

"पुस्तकात शहाण्णव पानं आहेत," धाकटा ताठ होत म्हणाला, "आणि त्यात व्हॉल्व्ह नाही."

"पुस्तक लिहिणाऱ्याने बॉयलर बघितलाय का कधी?"

"खेळ आहे हा. तोल सांभाळावा लागतो. व्हॉल्व्ह दिला तर कुणीही येऊन सहा-सहा टाकेल."

"टाकू देत. व्हॉल्व्ह उडाला की पुढच्या फेरीला त्याच्याकडे वाफच नाही, बसला जागच्या जागी. मारा त्याला."

धाकट्याने तबकडीवरची सुई मागे सरकवून पाहिली. "वाफ निम्मी जाईल. सगळी नाही."

"सगळी."

"निम्मी."

"तुम्ही किती वर्षं बॉयलरवर आहात?"

"तुम्ही किती वर्षं खेळताय?"

"दीड तास. आणि जिंकलेय."

मी वहीवरून उठले, कारण त्याला ती हवी होती. तो पान एकेचाळीस काढून तिच्यासमोर ठेवत होता, ती वाचायच्या आधीच मान हलवत होती. सात वाजून गेले. ड्रायव्हरसाहेबांनी टोपी घातली आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "माझ्याशी कधी असे भांडले नाहीत हो हे." जरा रुसल्यासारखे वाटले, पण निवांतही.

"तुम्ही भांडू दिलं नाहीत," मी म्हटलं.

"पुढच्या रविवारी मी व्हॉल्व्हचं चित्र काढून आणते," बाई म्हणत होत्या.

"आणा. मी त्यात चूक दाखवीन."

"दाखवा. मी ऐकीनच असं नाही."

धाकट्याने वही स्वतःकडे ओढली, जरा थांबला, आणि पुन्हा तिच्याकडे सरकवली. "मग कसा असावा म्हणता नियम?" त्याने विचारलं. एकसष्ट वर्षांत मी त्याला कुणाचं मत विचारताना पहिल्यांदा ऐकलं. बाईंनी खुर्ची आणखी पुढे घेतली आणि म्हणाल्या, "आधी हे सगळं खोडा."