नकली म्हटलेलं चित्र

जुनी इंग्रजी व्यंगचित्रं जमवायचा नाद मला मोबाईलमुळं लागला. दोनशे वर्षांपूर्वीची, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, वरून हातानं रंगवलेली. त्यांतले राजे सुजलेल्या पायांनी विव्हळतात, मंत्री एकमेकांच्या ताटात ओकतात. त्यांत कुणालाच दयामाया नाही, आणि मला तेच आवडायचं. ऑनलाइन लिलावांतून मी अकरा मिळवली होती. हिंगोलीत तरी दुसऱ्या कुणाकडं असं चित्र नसणार, याचा मला तोरा होता.

मग कळलं की जवळच्याच कुरुंदा गावात आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या निवृत्त सरांकडं एक आहे. तरुणपणी त्यांनी ते हैदराबादेत जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचललं होतं. मी गेलो तेव्हा घरामागं हळद शिजत होती. सरांनी भिंतीवरची चौकट काढली, मागचा पुठ्ठा सोडवला आणि कागद माझ्या हातात दिला. शेजारचे दोघं-तिघं बघायला आले होते.

चित्रात एक लठ्ठ प्रधान राजाच्या पाठीवर बसून त्यालाच चाबूक मारत होता. मी भिंग लावलं. पत्र्याच्या कडेचा दाब कागदात उमटलेला होता. उजेडात धरल्यावर जुन्या हातकागदातल्या जाळीच्या रेघा दिसल्या. अस्सल होतं. माझ्या अकरांपेक्षा सरस.

"कसं हाये?" सरांनी विचारलं.

"नकली हाये, सर. अशी हजारो छापतेत."

"बराबर पाहिलं ना?"

"व्हय."

शेजारी हसले. एकजण म्हणाला, "सर, आमाला तर तुमी लंडनचं सांगत होते!"

सरांचे कान लाल झालेले मी पाहिले आणि मला बरं वाटलं. माझा बेत सोपा होता. सहज म्हटल्यासारखं मी म्हणालो, "मला देऊन टाका. राहू द्या माझ्याकडं."

"खोटी चीज तुझ्या घरात काहून?" सर म्हणाले. त्यांनी कागदाची चौपदरी घडी घातली. घडीवर जुना रंग तडकला. ते मागच्या दारानं बाहेर गेले. मी उठलो, दोन पावलं त्यांच्यामागं गेलोही. एक शब्द बोललो असतो तर पुरलं असतं. पण शेजाऱ्यांसमोर मीच खोटा पडलो असतो. सरांनी घडी हळदीच्या कढईखालच्या जाळात सारली.

नंतर आम्ही चहा प्यालो.

सर त्यानंतर दोन वर्षं जगले. पाव्हण्यांना आपली फजिती स्वतःच सांगायचे म्हणे. तेराव्याला त्यांची मुलगी मला वाढताना म्हणाली, "बाबा लई नाव काढायचे तुमचं. म्हणायचे, माझाच विद्यार्थी, पण खोटं बोलला न्हाई."

मी आणखी थोडा भात मागून घेतला.