मशीनच्या पोटाखालचा नंबर

मशीनकाकांना झोपेतून उठवून कुणी त्यांचं नाव विचारलं असतं, तर त्यांना क्षणभर विचार करावा लागला असता. घरचा फोन नंबर मात्र त्यांनी डोळे न उघडता सांगितला असता, आणि पुन्हा कुशीवर वळले असते.

त्याला कारणही तसंच होतं. जन्मभर त्यांनी शिलाई मशिनं दुरुस्त केली, आणि ज्या मशीनला हात लावला त्याच्या पोटाखाली एक पिवळं स्टिकर चिकटवल्याशिवाय ते जागचे उठले नाहीत. स्टिकरवर नाव नाही, पत्ता नाही. 'मशीन बिघडल्यास' एवढे दोन शब्द आणि त्याखाली घरच्या लँडलाइनचा नंबर. अशी किती मशिनं शहरात असतील, असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "मोजत बसलो तर दुरुस्त कधी करू?"

त्यांची काम करायची तऱ्हाही न्यारी होती. गिऱ्हाइकाचा फोन आला की काका त्याला बोलूच द्यायचे नाहीत. "तुम्ही गप्प बसा. रिसीव्हर मशीनजवळ धरा आणि चालवा." मग स्टुलावर बसून, डोळे मिटून, ते पलीकडची खडखड ऐकत राहायचे. पट्टा सैल आहे, सुई वाकली आहे की बॉबिनच्या घरात दोऱ्याचा गुंता अडकलाय, हे त्यांना बरंचसं इथंच कळायचं, आणि पिशवीत नेमकी तीच हत्यारं पडायची. पायपीट वाचायची.

"माझं बोलणं कधी असं डोळे मिटून ऐकलं नाहीत," काकू म्हणायच्या.

"तुझं बोलणं ऐकताना डोळे उघडे ठेवावे लागतात. काय फेकून मारशील त्याचा नेम नाही."

हा उद्योग त्यांनी मोबाइलवरही करून पाहिला होता. जमला नाही. मोबाइलला माणसाचा आवाज तेवढा खरा वाटतो, बाकी सगळा गोंगाट. मशीन सुरू झालं रे झालं की तो शहाणा मशीनचाच आवाज पुसून टाकायचा, आणि काकांच्या कानात नुसती शांतता भरायची. त्यामुळे मोबाइल होता तो लेकीचे फोटो बघायला. कामाचा फोन म्हणजे कोपऱ्यातला लँडलाइन, ज्याचं बटण दाबलं की ते वर यायला थोडा विचार करायचं.

घोडं अडलं ते लेकीच्या नोकरीपाशी. ती घरात बसून काम करायची. तिच्या मीटिंगा असायच्या, आणि घरचं नेट इतकं संथ की ऐन मीटिंगमध्ये चित्र गोठायचं.

"बाबा, काल मी सगळ्या ऑफिससमोर दहा मिनिटं जांभई देत होते."

"इतकी दमतेस?"

"दिली एकदाच! पण नेट तिथंच अडकलं. साहेब म्हणाले, कंटाळा आला असेल तर सांगा."

मग ठरलं. जुनी कंपनी सोडायची आणि नव्या कंपनीचं फायबर घ्यायचं. काका एकच गोष्ट दहादा विचारत राहिले. "नंबर?" नव्या कंपनीकडे हाच नंबर नेता येतो, फायबरच्या बॉक्सलाच जुना फोन जोडता येतो, ही खात्री लेकीनं करून घेतली, अर्ज भरला आणि कामासाठी दोन दिवस परगावी निघाली. निघताना तिनं बजावलं, "बाबा, सगळं ते लोक आपसात करतील. तुम्ही काहीही करायचं नाही. नुसतं बसायचं."

नुसतं बसणं हीच एक कला काकांना अवगत नव्हती.

आणि त्यांचा स्वभाव असा, की न सांगता कुणाच्या दारातून निघायचं नाही. तेलाचे डबे ज्याच्याकडून घ्यायचे तो दुकानदार त्यांनी एकदा बदलला, तर जुन्याच्या दुकानात जाऊन, त्याच्या समोर बसून, "उद्यापासून दुसरीकडून घेणार आहे, मनात काही ठेवू नका" असं सांगून आले होते. लेक गेली त्या दुपारभर काकांना चैन पडेना. इतकी वर्षं ज्यांच्या तारेवर पोट भरलं त्यांना एका शब्दानं विचारायचं नाही? त्यांनी लँडलाइन उचलला आणि जुन्या कंपनीला फोन लावला.

"ताई, मी तुमचा फार जुना माणूस. आता दुसरीकडे जातोय. तुमच्याबद्दल तक्रार नाही. लेकीची अडचण आहे. म्हटलं, सांगून जावं."

पलीकडच्या ताईंना दिवसभरात कुणी ताई म्हटलं नसावं. त्या विरघळल्या. "म्हणजे कनेक्शन बंद करायचं ना सर?"

"तसंच म्हणा."

"आजच करून देऊ?"

"तुमच्या सवडीनं."

ताईंनी सवड ताबडतोब काढली. काका खूश झाले. "इतक्या झटपट हल्ली कोण काम करतं!" असं त्यांनी काकूंना कौतुकानं सांगितलं, आणि दिवेलागणीला फोनचा रिसीव्हर उचलून पाहिला तर आत काहीच नव्हतं. साधी घूंऽऽऽ सुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी नव्या कंपनीचा माणूस भिंतीला भोक पाडून बारीक वायर आणि पांढरा बॉक्स लावून गेला. नेट धो धो वाहू लागलं. फोनचं विचारल्यावर त्यानं आपल्या यंत्रात बघितलं आणि मान हलवली. "काका, हा नंबर बंद झालाय. चालू असलेला नंबर आम्ही आणू शकतो. बंद झालेला कुठून आणणार?"

लेक परत आली. तिनं आरडाओरडा केला नाही, हेच काकांना जास्त लागलं. ती नुसती खुर्चीत बसली.

"बाबा, तुम्ही त्यांना फोन केलात?"

"निरोप घ्यायला."

"कंपनीचा? ती काय घरी आलेली पाहुणी आहे, दारापर्यंत पोचवायला?"

काकू मध्ये पडल्या. "जाऊ दे ग. लग्नात मंडपवाल्याचाही निरोप घेतला होता यांनी."

त्यानंतर सुरू झालं ते काम काकांना मशिनांपेक्षा अवघड गेलं. रोज सकाळी मोबाइल कानाला लावून बसायचं. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे एक बाई सांगायची आणि मग सतार वाजायची. मग कुणीतरी यायचं, त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं, तो दुसऱ्याकडे जोडून द्यायचा, दुसऱ्याला पुन्हा पहिल्यापासून. सांगून सांगून काकांची हकीकत इतकी झिजली की शेवटी ते एवढंच म्हणायचे, "मी चांगुलपणानं नंबर मारला. जिवंत होईल का?"

होईल, असं कळलं. बंद झालेला नंबर कंपनी काही काळ बाजूला ठेवते आणि मग दुसऱ्या कुणाला देऊन टाकते. तो कुणाला जायच्या आत जुनं कनेक्शन त्याच नंबरासकट पुन्हा सुरू करायचं, आणि मग रीतसर नव्या कंपनीनं तो ओढून घ्यायचा. म्हणजे ज्या दारातून इतक्या अदबीनं बाहेर पडले, त्याच दारात पुन्हा जाऊन उभं राहायचं. वायर कापली गेली होती, ती बघायला माणूस येणार होता. तो उद्या यायचा, आणि तो उद्या काही केल्या आज होत नव्हता.

काकांना मात्र भलत्याच गोष्टीची धास्ती. नंबर दुसऱ्या कुणाला गेला तर? कुणा बिचाऱ्याच्या घरी वेळी-अवेळी फोन वाजेल, आणि उचलला की पलीकडून कुणी बोलणारच नाही. नुसती मशिनं खडखडतील.

मध्ये एकदा ते हातानं लिहिलेली नवी स्टिकरं घेऊन शिंप्यांच्या गल्लीत गेले. मोबाइलचा नंबर लिहिला होता. पहिल्या दुकानात मशीनखाली शिरले ते ठीक. दुसऱ्यात शिरले तेव्हा कंबर कुरकुरली. तिसऱ्या दुकानातल्या मशीनवर आधीच कुणाचं तरी निळं, गुळगुळीत, छापील स्टिकर होतं. त्याच्यावर एका देखण्या तरुणाचा फोटोही होता. दुकानदार ओशाळून म्हणाला, "काका, तुमचा फोन लागेना हो. मी समजलो, तुम्ही..." आणि पुढचं त्यानं गिळलं.

"नाही, अजून आहे," काका म्हणाले आणि उरलेली स्टिकरं खिशात ठेवून घरी आले. त्या दिवशी ते जेवून लगेच आडवे झाले.

अखेर जुनी वायर जुळली. नंबर जिवंत झाला, आणि लेकीनं पुन्हा अर्ज भरला. या खेपेला तिनं फोनच्या बटणांवर चिकटपट्टीच लावली. काका स्टुलावर बसून होते. जुन्या कंपनीला काही न सांगता निघायचं, म्हणजे कुणाच्या घरून चोरपावलांनी सटकण्यासारखं वाटत होतं त्यांना. हात दोनदा फोनकडे गेला. दोन्ही वेळा काकूंनी नुसतं खाकरून दाखवलं.

दोन दिवसांनी जुनी लाइन मुकाट्यानं गेली आणि पांढऱ्या बॉक्सवर एक हिरवा दिवा लागला. लेकीनं चिकटपट्टी काढली. काकांनी रिसीव्हर उचलला. घूंऽऽऽ होती. त्यांना फार आनंद व्हायला हवा होता, पण ते इतके दमले होते की "बरं झालं" म्हणून तिथंच बसून राहिले.

पहिला फोन कर्ज हवंय का विचारणाऱ्याचा आला. दुसरा फोन दुपारी, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या मावशींचा. काकांच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक.

"आहात का हो?" मावशींनी दरडावून विचारलं. "कुठे उलथला होतात?"

"इथंच होतो मावशी. नंबर गेला होता."

"शेवटी एका पोराला बोलावलं. पंधरा मिनिटांत मशीन खोललं, लावलं, आणि तुमच्या स्टिकरवर आपलं निळं चिकटवून गेला. चार दिवसांत मशीन पुन्हा टाका सोडायला लागलं. मग मी नखानं ते निळं खरवडून काढलं. तर मेला तुमचा शेवटचा आकडा त्याच्याबरोबर निघून आला!"

"मग फोन कसा लावलात?"

"कसा म्हणजे? शून्यापासून लावत आले. तुमच्याआधी सात जणांचं ऐकून घेतलंय. त्यातला एक तर पाऊण तास बोलत होता, सोडेना. आता गप्प बसा आणि ऐका."

रिसीव्हर मशीनजवळ गेला. मशीन सुरू झालं. काकांनी डोळे मिटले. खडखड, खडखड, मध्येच एक ठेच, पुन्हा खडखड. नव्या वायरीतूनही सगळं स्वच्छ येत होतं. काकूंनी पाण्याचा तांब्या आणून शेजारी ठेवला आणि त्या उभ्याच राहिल्या.

मशीन थांबलं. "काय झालंय?" मावशींचा आवाज आला. "कळलं का?"

"चालवा अजून जरा."

"अहो, कळलं नाही का एवढ्यात? वय झालं तुमचं."

"कळलं, मघाशीच कळलं," काका डोळे न उघडता म्हणाले. "पट्टा फार ताणलाय त्यानं. उद्या येतो. तुम्ही चालवा."